मुकादमाचा आवाज

भात संशोधन केंद्रात तिला सगळे ताईच म्हणायचे. वयाने मोठे असलेले संचालकसुद्धा. हे नाव तिला चिकटलं ते सख्ख्या धाकट्या बहिणीमुळे. धाकटी त्याच केंद्रात कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी भरल्या बैठकीत ओरडली, "ताई, तुझा डबा माझ्या पिशवीत राहिलाय गं!" सगळे हसले, आणि रोगशास्त्राच्या गंभीर बाई त्या दिवसापासून ताई झाल्या त्या कायमच्याच.

धाकटीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी टिकणं तिच्या रक्तातच नव्हतं. बोलायची भरभर, चालायची भरभर, जेवायची उभ्याउभ्या. ताई तिच्या अगदी उलट. एकेका पानाकडे भिंग लावून बघत बसली की चहा गार होऊन त्यावर साय धरायची.

दोघींच्या कामाच्या जागा शेजारीशेजारी होत्या, मध्ये फक्त एक जाड काच. काचेच्या अलीकडे भिंगरीचं काचघर. तिथे रखरखीत ऊन, कोरडी हवा आणि ट्रेमधली तडकलेली माती. पलीकडे ताईची धुक्याची खोली. छताला बारीक नळ्या, त्यांतून पाण्याची वाफेसारखी फवारणी, भिंती सदा ओल्या, आणि आत पाऊल टाकलं की चष्मा आंधळा. भिंगरी भाताची रोपं तहानेने मरतात का ते बघायची आणि ताई रोगाने मरतात का ते. "माझ्या पोटी दोन्ही यमदूतच जन्मले," आई म्हणायची. पण शेजारणीला सांगताना तीच आई, "माझ्या मुली भातावर संशोधन करतात हो," असं ताठ मानेने सांगायची.

ताईचं काम ऐकायला विचित्र वाटतं, पण सरळ होतं. करपा नावाचा भाताचा एक रोग आहे. बुरशीने होतो. ताई ती बुरशी बाटल्यांत वाढवायची, ती पाण्यात कालवून रोपांवर फवारायची, खोलीत धुकं सोडायची आणि मग वाट बघायची. करप्याचा डाग मोठा नेमका असतो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, भोवती तपकिरी कड. थेट उघड्या डोळ्यासारखा. ज्या रोपावर असे डोळे उमटत नाहीत ते रोप चांगलं. ज्याच्यावर उमटतात त्याला गुण कमी. नव्या वाणाला शेतात पाठवण्याआधी ताईच्या खोलीतून जावंच लागे.

भिंगरी काचेवर नखाने दोनदा टकटक करायची. म्हणजे चहाला चल. आणखी जोरात टकटक म्हणजे लवकर चल, मला काहीतरी सांगायचंय.

एकदा अशीच जोरात टकटक झाली. ताई बाहेर आली तर भिंगरी चपला न घालताच उभी.

"बघ! आधी बघ, मग बोल."

काचघरात ट्रेची रांग होती. पाणी तोडून बरेच दिवस झालेले. बाकीच्या ट्रेमधली रोपं सुकून गवत झाली होती, हात लावला तर चुरा व्हावा अशी. एकाच ट्रेमध्ये मात्र रोपं हिरवी होती. पानं थोडी वळलेली, कडा जराशा सुकलेल्या, पण उभी.

"ही काय जादू?" ताईने विचारलं.

"मुकादम," भिंगरी म्हणाली. "मुकादमाचा आवाज वाढवला."

मुकादम हे नाव तिनेच ठेवलेलं. भाताच्या पेशीत हजारो जनुकं असतात. त्यांतली बहुतेक कामकरी, नेमून दिलेलं काम करणारी. पण काही थोडी अशी, की ती स्वतः काडीही हलवत नाहीत, फक्त दुसऱ्यांना कामाला लावतात. ह्याला उठव, त्याला बसव, तू पाणी धर, तू दार लाव. त्यातलंच एक भिंगरीने हेरलं होतं. पाणी कमी पडलं की ते हाळी द्यायचं, आणि मग पानांवरची बारीक छिद्रं मिटायची, मुळं खोल जायची, पेशी आपलं पाणी घट्ट धरून बसायच्या. भिंगरीने रोपात बदल करून त्या मुकादमाचा आवाज कायमचा मोठा केला. आता पाणी असो नसो, तो सदा ओरडतच असायचा.

"घसा नाही का बसणार त्याचा?" ताई म्हणाली.

"तुझ्यासारखा पुटपुट्या नाहीये तो!"

दोघी हसल्या. ताईला पुढे कितीतरी वेळा वाटलं, की तेव्हा नीट विचारायला हवं होतं. म्हणजे घशाचं नव्हे, बाकीचं.

त्या उन्हाळ्यात भिंगरी काचघरातून बाहेरच पडेना. आत भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, तरी ही दिवसभर उभी. जेवणाचा डबा तसाच परत यायचा. घसा दुखतोय म्हणाली, मग अंग कसकसतंय म्हणाली. आईने कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अगं, तापाने फणफणलीयेस!"

"काही नाही गं आई. उतरेल. उन्हाचा आहे."

ताप अंगावर काढायची तिची सवय लहानपणापासूनची. सगळंच अंगावर काढायची ती. तहान, भूक, जागरण, सगळं. घरच्यांना त्याचं कौतुकच होतं, "आमची भिंगरी चिवट," म्हणून. ह्या वेळी ताप छातीत उतरला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि आधी आईला खुर्ची द्या म्हणाले. दुखणं अगदी साधं होतं, वेळेवर औषध मिळालं असतं तर आठवड्यात बरं होणारं. पण वेळ निघून गेली होती. नळ्यांच्या गराड्यात पडलेल्या भिंगरीने शेवटचं विचारलं ते, "ट्रेला पाणी कुणी घातलं नाही ना?" ताई म्हणाली, नाही घातलं. आणि मग ती भिरभिरती पोरगी एकदाची एका जागी थांबली.

ताई कामावर परतली तेव्हा काचघर कुलूपबंद होतं. आत खुंटीला भिंगरीचा पांढरा कोट तसाच लटकत होता. कोपर वाकलेल्या बाह्या, जणू आत अजून हात आहेत. ताई मान खाली घालून धुक्याच्या खोलीत शिरली. भिंगाखाली पान धरलं. आणि काचेवर टकटक झाली. दोनदा.

ताईच्या हातातलं पान गळून पडलं. तिने काचेवरची वाफ तळहाताने पुसली. पलीकडे उन्हात रिकामे ट्रे होते, बाकी कुणी नव्हतं.

त्यानंतर ती टकटक अधूनमधून व्हायचीच. कधी सकाळी, कधी भर दुपारी. ताईने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, लोक म्हणणार, बहीण गेल्याचं डोक्यात गेलं. आणि खरं सांगायचं तर टकटक झाली नाही की तिला करमत नसे.

संचालकांनी एक दिवस तिला बोलावलं. टेबलावर भिंगरीच्या वाणाचं बियाणं काचेच्या बरणीत ठेवलेलं. "ताई, तिचं काम वाया जाऊ द्यायचं नाही. हे वाण आपण शेतात उतरवू. तिचंच नाव देऊ त्याला. मी तुमच्या आईंशी बोललोय, त्यांना भरून आलं. आता फक्त तुमची रोगाची चाचणी तेवढी राहिलीय. औपचारिकताच म्हणा."

घरी आई बदलली होती. कितीतरी दिवसांनी तिने केस विंचरले होते. "पेरलं की दरवर्षी उगवेल गं," ती म्हणाली. "दरवर्षी लोकांच्या तोंडी तिचं नाव येईल." ताईने मान हलवली.

चाचणीसाठी तिने भिंगरीची रोपं लावली. कोवळी, तजेलदार, शेजारच्या साध्या रोपांपेक्षा काकणभर उंच. फवारणीचं पाणी तयार करताना तिचा हात जड झाला. बुरशी ती, आणि ही पानं भिंगरीची. तिने धुकं सोडलं, दार लावलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. दवाखान्यात बसायची तशीच.

काही दिवसांनी दार उघडलं तर साध्या रोपांवर तुरळक ठिपके होते. भिंगरीच्या रोपांवर मात्र डोळेच डोळे. एकेका पानावर इतके, की एकमेकांत मिसळून पान अख्खं राखेच्या रंगाचं झालेलं. धुक्यातून ते सगळे डोळे ताईकडे बघत होते.

चूक झाली असेल म्हणून तिने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा तेच. मग ती केंद्रातल्या जनुकवाल्या सरांकडे गेली. सर भले माणूस, भिंगरीचे गुरू. त्यांनी पानं हातात घेतली आणि उजेडाकडे धरून उलटसुलट केली.

"मला ही भीती होतीच," शेवटी ते म्हणाले. "ताई, रोपाच्या घरात माणसं मोजकी. मुकादम रात्रंदिवस ओरडतोय, पाणी धरा, पाणी धरा. मग सगळी तिकडे धावतात. मागच्या दारावर रोगाला अडवायला जे राखणदार असतात, त्यांनाही तो तिकडेच पिटाळतो. दार उघडं, घर रिकामं. आलेला चोर सरळ आत."

"तिला माहीत होतं?"

"तिला घाई होती," सर म्हणाले.

संचालकांनी निकाल ऐकला आणि उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तुमच्या खोलीत धुकं फार दाट असतं, नाही? शेतात एवढं कुठे असतं? जरा कमी धुक्यात एकदा करून बघा की. मी काही सांगत नाही हो. बघा म्हणतोय फक्त."

ताईला सगळं कळलं. आणि वाईट ह्याचं, की तिलाही ते हवंच होतं. धुकं कमी म्हणजे बुरशी कमजोर, पानं स्वच्छ, आईच्या तोंडावर हसू. कुणाचं काय बिघडणार होतं? तिसऱ्या चाचणीला तिने रोपं लावली, फवारणी केली आणि भिंतीवरच्या व्हॉल्व्हला हात घातला. निम्म्यावर आणला. फवारा मंदावला, खोली विरळ झाली, पलीकडचं काचघर स्पष्ट दिसू लागलं. खुंटीवरचा कोटही दिसला. ताई झटकन दार ओढून चहाला निघून गेली.

चहा तिने अर्ध्यावरच ठेवला. ती तशीच परतली.

दार उघडलं तर आत हातही दिसू नये इतकं धुकं. फवारा सुसाट चाललेला. चाचपडत ती भिंतीपाशी गेली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, शेवटच्या आट्यापर्यंत. आणि काचेवर टकटक सुरू होती. दोनदा नव्हे, सारखी. जोरात. काहीतरी सांगायचंय अशी.

ताईने काचेवर तळहात टेकला. "बरं बाई," ती मोठ्याने म्हणाली. "बरं. नाही करत."

टकटक थांबली.

दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाला आला. त्याने व्हॉल्व्ह खोलून बघितला. "बाई, वॉशर झिजलाय. पाण्याचा दाब वाढला की हा आपोआप फिरणार. आणि नळी काचेच्या चौकटीला टेकलीय, दाबाने हादरली की ठोकते. आवाज यायचा का तुम्हाला?"

"यायचा," ताई म्हणाली.

"मग आधी नाही का बोलवायचं!"

त्याने वॉशर बदलला, नळीला रबराची पट्टी बांधली. त्यानंतर काच गप्प झाली. वॉशरचं म्हणणं ताईला पटलं, नाही असं नाही. पण तो व्हॉल्व्ह त्याच घटकेला का फिरावा, हे काही नळदुरुस्तीवाल्याच्या हत्यारांत नव्हतं.

तिसऱ्या चाचणीचाही निकाल तोच आला, आणि ताईने तो तसाच संचालकांना दिला. आईला सांगायचं राहिलं होतं. ताईने भाजी निवडतानिवडता सांगितलं, सरळ, आडपडदा न ठेवता. आईचा हात थांबला.

"म्हणजे नाव देणार नाहीत?"

"नाही, आई. त्या वाणाला रोग धरतो. लोकांची शेतं बसतील."

"कुणी शोधलं हे?"

"मी."

आई उठली. दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, "एकदा गेली ती पुरे नव्हतं का? तू दुसऱ्यांदा घालवलीस."

त्या घरात मग अबोला सुरू झाला. आई ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. दोन बायका, एक छत आणि बोलायला भिंती. ताई कामावरून उशिराने यायची, आणि आली की तिसरं कुणीतरी नुकतंच खोलीतून उठून गेल्यासारखं वाटायचं. एकदा तिने बघितलं, आई भिंगरीच्या खाटेची चादर झटकत होती आणि पुटपुटत होती, "जरा सरक, बाळ." ताई आल्या पावली मागे फिरली.

आणि एक दिवस काही न कळवता आई केंद्राच्या फाटकात उभी राहिली. "मला दाखव," एवढंच म्हणाली.

ताईने तिला धुक्याच्या खोलीत नेलं. आईने पदराने चष्मा पुसला आणि ट्रेवर वाकली. आजारी पानाच्या खाली बोट घालून ते हळूच उचललं, बाळाची हनुवटी उचलावी तसं.

"ह्याला पाणी कमी पडलं होतं का?"

"नाही. पाणी भरपूर होतं. तहानेने ही मरतच नाहीत. बाकी सगळं सोसतात."

"आणि हे एवढंसं आलं की जातात."

"हो."

"कुरकुरतसुद्धा नाहीत का आधी? पान पिवळं पडणं वगैरे?"

"नाही, आई. शेवटपर्यंत हिरवीगार दिसतात."

आईने पान सोडलं. "मी कपाळाला हात लावला होता गं," ती म्हणाली. "चांगलं चटका बसेल इतकं तापलं होतं. पण ती हसली, आणि मी पुन्हा स्वयंपाकाला गेले."

ताईने तिला जवळ घेतलं. धुक्यात दोघी भिजल्या, केस कपाळाला चिकटले. बऱ्याच वेळाने आई सावरली आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "नाव देऊ नका. माझ्या पोरीच्या नावाचं भात कुणाच्या शेतात असं राख झालेलं मला नाही चालायचं. आणि आता ह्या बिचाऱ्यांना बाहेर काढ, किती वेळ भिजत ठेवशील?"

वाण रद्द झालं. नाव देण्याचा समारंभही. पण सरांनी आणि ताईने ते काम सोडलं नाही. ताई रोगवाली, तिला दुष्काळाचं काही येत नव्हतं. ती कुलूप काढून काचघरात गेली, खुंटीवरचा कोट घडी करून घरी नेला आणि त्या भट्टीत उभं राहायला शिकली. सरांची कल्पना अशी होती, की मुकादमाला सदा ओरडू द्यायचं नाही. त्याच्यापुढे अशी कळ बसवायची, की पानाला खरोखर तहान लागली तरच तो जागा होईल, आणि पाणी मिळालं की गप्प. म्हणजे एरवी राखणदार आपापल्या दारावर.

बोलायला सोपं, करायला महाकठीण. किती रोपं सुकली, किती करपली. कधी कळ अडकायची आणि मुकादम उठायचाच नाही, कधी उठला की झोपायचा नाही. सरांचे केस पांढरे झाले. ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मधल्या काळात संचालक बदलले. आणि मग एक वाण हाती आलं. भिंगरीच्या वाणाइतकं शूर नव्हतं ते. पाणी फार दिवस तोडलं तर मान टाकायचं. पण साध्या भातापेक्षा बरंच टिकायचं, आणि ओल्या हवेत त्याच्यावर डाग थोडेच यायचे. दुष्काळ आणि करपा हातात हात घालून आले तर मात्र त्याचंही काही चालत नसे. ताईने हे अहवालात पहिल्याच पानावर ठळक लिहायला लावलं. नव्या संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहू दिलं.

नाव काही दिलं नाही. नुसता एक क्रमांक.

ते भात पहिल्यांदा एका दूरच्या शेतात लावलं तेव्हा ताईला बघायला पाठवलं. दुपार होती. आभाळ स्वच्छ, वारा इतका पडलेला की घाम वाळेना. गुडघाभर भात बांधापासून पार टोकाच्या झाडांपर्यंत पसरलेलं. ताई बांधावर उभी राहिली. पानं तपासायची तर आत उतरायला हवं होतं, पण पाय उचलेना. इतक्या वर्षांत तिने भात नेहमी ट्रेमध्ये पाहिलं होतं. मोजकं, काचेमागचं. एवढं सगळं एकदम बघून तिला धडकी भरली.

शेजारच्या तुकड्यात तण काढणारी एक बाई कंबर सरळ करत उठली. "तुमच्याबरोबरच्या बाई कुठवर जाणार आहेत?" तिने विचारलं.

"माझ्याबरोबर कुणी नाही," ताई म्हणाली. "मी एकटीच आलेय."

"असं कसं? मघाशी आत कुणीतरी चालत होतं की. त्या तिकडे. भात हलत होतं." बाईने हात लांब करून दाखवलं. "भारी लगबग होती. मी म्हटलं, अशी भरभर चाललीय, एखादं रोप तुडवेल."

"वारा असेल."

बाईने वर झाडांकडे बघितलं. एक पान हलत नव्हतं. तिने खांदे उडवले आणि ती पुन्हा तणात वाकली.

ताईने चपला काढून बांधावर ठेवल्या, साडीचा काठ वर खोचला आणि रोपं चुकवत, जपून पावलं टाकत, ती आत उतरली.